पोपट वगळून पेरू

आमची मुलगी अडीच वर्षांची होत आली तरी तिच्याकडे एकच आवाज होता. "हं." विचारणारा हं, मागणारा हं, रुसलेला हं, झोप आलेला हं. बोट दाखवायची, हं म्हणायची आणि आम्ही दोघं धावायचो. तिचं घरात काहीही अडत नव्हतं. अडलं होतं ते माझं.

मी एका कंपनीत ॲडमिन सांभाळते. बसचे मार्ग, कँटीनचा ठेकेदार, बंद पडलेले एसी, हरवलेली ओळखपत्रं. माझ्या हातून काम सुटत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे. मूल चाळिशी ओलांडल्यावर झालं, त्यामुळे तयारीला भरपूर वेळ मिळाला होता. बाळंतपणाच्या बॅगेची माझी यादी मैत्रिणी मागून न्यायच्या. मुलीचे दात, रांगणं, चालणं सगळं वेळेवर झालं आणि त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतलं. मग बोलण्याची पाळी आली आणि मुलीने माझ्या वेळापत्रकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुण्याजवळ भूगावात आम्ही राहतो त्या इमारतीच्या मागे घसरगुंडी आणि दोन झोपाळे आहेत. संध्याकाळी तिथे तिच्याहून लहान मुलं "माझी पाळी, माझी पाळी" म्हणून भांडायची. एक मुलगा तर आजीशी मराठीत, वॉचमनशी हिंदीत आणि आईशी इंग्रजीत भांडायचा. "किती गोड बोलतो हो," असं मी त्याच्या आईला म्हणायचे, आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे.

मी हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नाही. आधी टीव्ही बंद केला. मग घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्या वस्तूच्या नावाची चिठ्ठी लावली. कपाटावर कपाट, खुर्चीवर खुर्ची. काही दिवसांनी नवऱ्याने विचारलं, "फ्रिजवर 'फ्रिज' लिहिलंयस ते नक्की कुणासाठी? तिला वाचता येत नाही आणि मला माहीत होतं."

मुलांशी सतत बोलत राहावं असं कुठेसं वाचलं होतं. झालं. मी धावतं समालोचन सुरू केलं. "आता आई कुकर उघडतेय. आता आई वरण घोटतेय. वरण पिवळं आहे. वरण गरम आहे. आई दमली आहे." नवरा घरून काम करायचा. एका मीटिंगमध्ये त्याचा माइक चालू राहिला आणि त्याच्या अख्ख्या टीमला वरणाचा रंग कळला. त्यानंतर त्याचा साहेब प्रत्येक मीटिंगची सुरुवात "आज कोणत्या रंगाचं?" अशी करायचा. मुलगी मात्र माझ्याकडे शांतपणे बघत राहायची. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणांच्या भोंग्याकडे माणसं बघतात तशी.

मुलांच्या डॉक्टरांकडे सर्दीसाठी गेलो होतो तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं. ते म्हणाले, "आधी कान तपासून घेऊ. ऐकू नीट येतंय का ते कळलं की पुढचं ठरवता येईल. घाबरण्यासारखं काही नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. घाबरण्यासारखं काही नाही, हे वाक्य ऐकेपर्यंत मी खरोखरच घाबरले नव्हते.

त्या तपासणीची वेळ मी घेतली नाही. सकाळी बस बिघडली तर दुपारच्या पाळीआधी दुसरी उभी करणारी बाई मी, पण हा एक फोन माझ्याकडून होईना. कारणं तयार होती आणि एकाहून एक पटणारी होती. तपासणीच्या वेळी मूल झोपलेलं लागतं, आणि तिची झोप दुपारी, म्हणजे नेमकी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. चांदणी चौकात काम चालू आहे. शिवाय तिला सर्दी आहे, ती जाऊ दे. आमच्याकडे लहान मुलाची सर्दी पावसाळ्यात एकदा आली की दिवाळीचा फराळ संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे ही अट चांगली भक्कम होती. नवरा एकदा म्हणाला, "मी करू का फोन?" मी म्हटलं, "तुला वेळा जमवता येणार नाहीत." तो विषय तिथे संपला.

फोन केला नाही, पण तपासणी मी घरी करत होते. ती खेळात असली की मागून जाऊन स्टीलचं ताट वाजवायचं. कधी ती वळायची, कधी नाही. वळली की मी म्हणायचे, बघा, कान ठणठणीत आहेत. नाही वळली की म्हणायचे, खेळात रमली आहे. असा निकाल लावणारा माणूस मी ऑफिसात एक दिवस ठेवला नसता.

आमच्या घरमालकीण मावशी तळमजल्यावर राहतात. इमारत उभी आहे तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. साठी उलटली आहे, मुलगे-सुना आहेत, सगळ्या मजल्यांवर भाडेकरू आहेत, पण मावशी दिवसभर पुढच्या ओट्यावर काहीतरी निवडत बसतात आणि जिन्यावरून जाणारा प्रत्येक माणूसही निवडून घेतात. एक दिवस मुलीला कडेवर घेऊन चालले होते तेव्हा त्यांनी अडवलं.

"काय गं, पोर बोलंना व्हय अजून?"

"बोलेल हो मावशी. काही मुलं उशिरा बोलतात."

"तुझं येतंया की खालपातूर ऐकू. कुकर तापला, वरान पिवळं. एवढ्यात माझी म्हस बोलली असती."

मी हसल्यासारखं केलं आणि निघाले, तर त्यांनी मुलीचा पाय धरून ठेवला.

"आयक. राघूनं टोचल्याला पेरू चार तिला. उष्टा पायजे बरं का, राघूचाच. माझ्या धाकल्याला चारला हुता. आता गप बसायचं नाव घेत न्हाई. इलेक्शनला उभा ऱ्हायला."

"निवडून आले?"

"त्ये पेरूचं काम न्हाई."

"मावशी, आम्ही असलं काही मानत नाही."

"नका मानू. पेरू हाय, इख न्हाई."

वर जाऊन मी हे नवऱ्याला रंगवून सांगितलं. दोघंही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी भाजीच्या यादीत कांदे, कोथिंबीर, लिंबं यांच्या खाली मी "पेरू" असं लिहिलं. पेरूत जीवनसत्त्वं असतात. पेरू मुलांना द्यावाच. त्या शब्दाकडे बघून कुणालाही कसलाही संशय आला नसता आणि मलाही तो येऊ नये म्हणून मी प्रयत्न करत होते.

पण बाजारात राघूनं टोचलेला पेरू मिळत नाही. रस्त्याकडेच्या गाडीवर मी एकेक पेरू फिरवून बघत होते तेव्हा गाडीवाला भय्या छाती फुगवून म्हणाला, "ढूंढ लो मॅडम, एक भी दागी नहीं मिलेगा." पूर्वी मावशींच्या आवारात पेरूची झाडं होती म्हणे. तिथे आता आमची गाडी उभी असते.

म्हणून मग रविवारी मी मुठा गावाकडे फिरायला जायचं ठरवलं. नवऱ्याला नवल वाटलं, कारण रविवार माझा कपाटं आवरण्याचा वार. भातकापणी उरकली होती, खाचरं रिकामी होती, पेंढ्यांच्या गंज्या उभ्या राहिल्या होत्या. वीकएंडच्या बंगल्यांची फाटकं मागे पडली आणि रस्त्याला लागून एक पेरूची बाग दिसली. मी "थांब" म्हटलं. माझ्याच वयाचा एक माणूस पेंढ्या रचत होता.

"पेरू आहेत का?"

"हायेत की. किती करू? दोन किलो?"

"एक किलो. आणि एक वेगळा द्या. टोचलेला."

"टोचल्याला?" त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "ताई, चांगलं हायेत की. टोचल्यालं आमी म्हशीला घालतो."

"नाही, टोचलेलाच हवाय."

"सस्त्यात न्हाई मिळायचा बरं का."

"पूर्ण भाव देते ना."

याने त्यांना जास्तच काळजी वाटू लागली. त्यांनी माझ्या मागे नवऱ्याकडे बघितलं. "पावनं, तुमी काय म्हनताय?"

"मलाही आत्ताच कळतंय," नवरा म्हणाला.

आता सुरुवात झालीच होती तर काम नीट व्हावं, म्हणून मी सगळं स्पष्ट करून सांगितलं. पोपटानेच टोचलेला हवा. खारीने कुरतडलेला चालणार नाही. वटवाघळाचा तर अजिबात नको, त्याने आजार होतात. आणि शक्यतो आजचाच.

"सही करून जात न्हाईत ताई ती," ते म्हणाले.

एवढ्यात त्यांची बायको हातातलं सूप कमरेला टेकवून बाहेर आली. तिने आधी मला, मग नवऱ्याच्या खांद्यावरच्या मुलीला बघितलं आणि जेवलात का असं विचारावं तसं विचारलं, "लेकरू बोलत न्हाई व्हय?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, अजून लहान आहे. लोक म्हणायचे, बापावर गेली असेल. मी म्हटलं, "बोलते. थोडं थोडं."

मुलगी अंगणातली कोंबडी बघत होती. बाईंनी मागून जोरात हाक मारली, "ए बाळे! ए राणी!" गोठ्यातल्या म्हशीने मान वळवली. मुलीने नाही वळवली.

"कोंबडी बघतेय ना," मी म्हटलं. "रमली आहे."

बाईंनी सूप खाली ठेवलं आणि काठी उचलली. त्या काहीतरी बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती.

बागेतल्या प्रत्येक पेरूला फोमची जाळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी होती, पण विहिरीजवळ एक जुनं झाड उघडंच होतं. "ह्ये राघूचं," बाई म्हणाल्या, "ह्येला आमी पिशव्या बांधत न्हाई." त्यांनी काठीने एक पेरू पाडला. एका बाजूला चोचीने कोरलेला खड्डा, ताजा. त्याचे पैसे घेतले नाहीत. "बोलाय लागली की घिऊन या," म्हणाल्या.

परतताना नवऱ्याने बंगल्यांची फाटकं मागे पडेपर्यंत गाडी चालवली. मग म्हणाला, "माझ्या आईला तू मीठमोहऱ्या ओवाळू दिल्या नव्हत्यास."

"पेरूत जीवनसत्त्वं असतात."

"टोचल्यावर वाढतात का?"

घरी आल्यावर मी पेरू आधी वाहत्या पाण्यात धुतला. मग मिठाच्या पाण्यात ठेवला. मग पुसून चिरायच्या पाटावर घेतला आणि तो कोरलेला खड्डा नीट बघितला. पोपट कुठे कुठे बसतो, काय काय खातो, ती चोच कधी कुणी धुतली आहे का, हे सगळं डोळ्यांसमोर आलं. सुरी हातातच होती. खड्डा आणि त्याच्या भोवतीचा चांगला बोटभर भाग काढून कचऱ्यात टाकला. बिया घशात अडकू नयेत म्हणून त्याही काढल्या. उरलेल्याच्या छोट्या फोडी केल्या आणि वाटीत घालून दिल्या. मुलीने थोड्या खाल्ल्या, बाकीच्या बाहुलीला भरवल्या. मला एक काम हातावेगळं केल्याचं समाधान वाटलं.

त्याच समाधानात मी किलोतले काही पेरू घेऊन मावशींकडे गेले. नवरा मुलीला घेऊन मागून जिना उतरत होता.

"मावशी, दिला बरं का पेरू. मुठ्याहून आणला, राघूचाच. आणि सगळी काळजी घेतली. मिठाच्या पाण्यात धुतला, टोचलेला भाग काढून टाकला, मग..."

माझं वाक्य माझ्याच कानांवर पडलं आणि मी थांबले. मावशींचा सुपातला हातही थांबला.

"काय काढून टाकलंस?"

मी हातातले पेरू ओट्यावर ठेवले.

"आगं पोरी! राघू काढून टाकलास आन् पेरू चारलास?"

मग त्या हसायला लागल्या. हसता हसता सुनेला हाक मारली, "आगं, हिकडं ये, आयक ह्या म्याडमनी काय केलं!" सून आली, तिने ऐकलं, तीही हसली. पहिल्या मजल्यावरची भाडेकरीण कठड्यावरून वाकून "काय झालं?" विचारू लागली, तिला वर ओरडून सांगण्यात आलं. नवरा जिन्याच्या पायरीवर बसला आणि तोंड गुडघ्यांत घालून हसू लागला. मीही हसत होते. विश्वासही धड ठेवता आला नाही, अविश्वासही नाही, आणि मधल्या मधे पेरूची बाग तुडवून आले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना, तेव्हा मावशींचं हसणं थांबलं.

"काय गं?"

"तिला ऐकूच येत नसलं तर?"

हे मी नवऱ्यालाही म्हणाले नव्हते. तो पायरीवरून उठला.

"तर न्हाई येत," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात जा, म्हंजी कळंल तरी. राघूला काय ठावं?"

"तुम्हीच म्हणालात ना पेरू चारा!"

"पेरू चार म्हनले. दवाखान्यात जाऊ नगं म्हनले व्हय? धाकल्याच्या टायमाला मी दोनी केलं. आदी दवाखाना, येताना पेरू. तुमास्नी एक काय ते करायची सवय, आन् त्येबी अर्धं."

वर जाऊन मी डॉक्टरांची ती चिठ्ठी शोधून ठेवली आणि सोमवारी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, मावशींच्या ओट्यावर उभी राहून फोन केला. बोलणं संपलं तेव्हा मावशींनी दिलेला चहा अजून गरम होता. एवढंच काम होतं ते.

तिकडून सूचना आली की मूल वाटेत झोपता कामा नये, तिथे आल्यावरच झोपलं पाहिजे. मावशी म्हणाल्या, "मी येते. जागं ठेवायचं माझ्याकडं." मी खेळणी, गाणी, खाऊ यांची आखणी केली होती, कुठल्या चौकात काय काढायचं ते ठरलं होतं. चांदणी चौक यायच्या आत मावशी गाढ झोपल्या. मुलगी टक्क जागी राहून त्यांचं उघडं तोंड मोठ्या कुतूहलाने बघत होती. तिथे पोचल्यावर तिला झोपवायच्या खोलीत अंधार केला, पाळणा म्हटला. नवऱ्याला झोप लागली. शेवटी मावशींनी तिला मांडीवर आडवं टाकून पाठीवर अशा काही थापट्या मारल्या की ती बहुधा घाबरूनच झोपली.

कानांना लावलेल्या त्या बारीक वायरी, स्क्रीनवरच्या रेघा आणि मशीन बघणाऱ्या टेक्निशियनचा काहीही न सांगणारा चेहरा. मी माझ्या मांडीवरच्या पिशवीतल्या वस्तू मोजत बसले. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

डॉक्टर बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. "आतली नस चांगली आहे. पडद्यामागे चिकट पाणी साठलंय, दोन्ही कानांत. सततच्या सर्दीने होतं असं. अगदी ऐकू येत नाही असं नाही. पाण्यात बुडी मारल्यावर वरचं बोलणं कसं येतं, तसं येत असणार तिला."

"म्हणजे वरण पिवळं आहे ते..."

"काय?"

"काही नाही," मी म्हटलं. माझं महिनोन् महिन्यांचं समालोचन तिने पाण्याखालून ऐकलं होतं. बिचारी बघत होती, वर आई तोंड हलवतेय.

औषधं दिली. पाणी औषधांनी आटलं तर ठीक, नाहीतर एक छोटं ऑपरेशन लागेल, दर काही आठवड्यांनी दाखवत राहा. पुढच्या खोलीत बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने मला मुलीशी खेळायला सांगितलं आणि बाजूला बसून पाहिलं. मी उत्तम खेळले. चेंडू लाल आहे, चेंडू गोल आहे, चेंडू गेला, चेंडू आला. ती म्हणाली, "छान बोलता तुम्ही. आता फक्त थोडं थांबायचं. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं."

मी पेन काढलं. "किती वेळ?"

"तिची पाळी होईपर्यंत."

हे कसं लिहायचं ते मला कळेना. मी "थांबणे" असं लिहिलं आणि त्याच्यापुढे वेळेची जागा कोरी सोडली.

थांबणं मला जमलं असं म्हणणार नाही. कुकर उघडताना ओठ घट्ट मिटून घ्यायचे, की नवरा विचारायचा, दात दुखतोय का? एका कानातलं पाणी हिवाळ्यात आटलं, दुसऱ्याने वेळ घेतला, ऑपरेशनचा विषय दोनदा निघून मागे पडला. मुलगी हाकेला वळू लागली. पहिल्यांदा वळली तेव्हा मी इतक्या वेळा हाक मारली की ती रडली.

आणि एक दिवस मावशींनी तिच्या हातात अख्खा पेरू दिला, फोडी न केलेला. ती तो घेऊन स्वयंपाकघरात आली. तिने कडकडून एक घास तोडला. माझं सुरू झालंच होतं, "पेरू हिरवा आहे, पेरू..." तेवढ्यात तिने तो उष्टा पेरू तसाच माझ्या तोंडात कोंबला. मी चावा घेतला. मोठा होता. तोंडभर बिया. तिने मला पेरू धरायला दिला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी काही बोलत नव्हते, त्यात शहाणपण काही नव्हतं. मला बोलताच येत नव्हतं.

स्वयंपाकघरात बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

"दे," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाली? काही म्हणाली का ती?" मला उत्तर देता येईना, घास अजून तोंडातच होता. माझ्याकडून पेरू येत नाही हे बघून तिने पाय आपटला आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं मोठ्याने पुन्हा सांगितलं.

"दे!"

मी दिला. न धुता, दोघींनी टोचलेल्या भागासकट.